अंधेरीत ठेवलेले तीन

मी बरी झाले आहे, हे आधीच सांगून टाकते. आजारपणाविषयी कुणी लिहिलेलं हातात आलं की मी पहिल्यांदा शेवट वाचते. लिहिणारी बाई धड आहे ना ते बघते आणि मग सुरुवातीकडे येते. तुमचंही तसंच असेल तर निवांत वाचा. मला लिम्फोमा झाला होता, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. त्याला आता सात वर्षं झाली. केस परत आले, मी कामावर परत गेले, एक मुलगी झाली.

लिहायला बसले ते मात्र कॅन्सरमुळे नाही. कॅन्सरबद्दल सांगायला खूप जणी आहेत आणि त्या माझ्यापेक्षा धीराच्या आहेत. माझा खरा गोंधळ उडाला तो बरी झाल्यावर. उपचार सुरू होण्याआधी आम्ही अंधेरीच्या एका क्लिनिकमध्ये जे ठेवून आलो होतो, त्याचं पुढे काय करायचं हे कुणीच सांगितलं नव्हतं. नंतर ज्यांनी सांगितलं, त्यांचं मला पटेना. त्याचं काय करायचं हे विचारणारा फॉर्म ज्यांना आज ना उद्या भरायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. उत्तर मिळेल अशी आशा ठेवू नका.

टीबी असेल

मानेला उजवीकडे गाठ लागली तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. दुखत नव्हती. आमच्याकडे मानेला गाठ म्हणजे टीबी, हे इतकं ठरलेलं की रिपोर्ट यायच्या आधीच माझ्या आईने मानखुर्दहून उकडलेली अंडी पाठवायला सुरुवात केली. माझा नवरा अमोल म्हणायचा, टीबी असला तर सहा-आठ महिन्यांत सुटशील, आमच्या ऑफिसात दोघांना झाला होता. मी पण तेच धरून चालले होते.

बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांसमोर बसलो. ते म्हणाले, "टीबी नाही." मी म्हणाले, "बरं झालं." अगदी मनापासून म्हणाले. त्यांचं बोलणं संपलेलं नाही हे मला अमोलच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर कळलं.

त्या दिवसाचं बाकी फारसं आठवत नाही. एवढं आठवतं की कॅन्सर हा शब्द ऐकून पाच मिनिटं झाली नसतील तोच डॉक्टरांनी विचारलं, मुलं आहेत का? नाहीत. हवी आहेत का? मला एवढा राग आला की मी खुर्चीवरून उठलेच. जिला आत्ता मरणाचं सांगितलं तिला बारशाचं काय विचारता, असं काहीतरी बोलले म्हणे. अमोल सांगतो, मला आठवत नाही. डॉक्टर शांतपणे म्हणाले की या औषधांनी पुढे मूल न होण्याची शक्यता असते. केमो सुरू करायला दोन आठवडे आहेत. तेवढ्यात भ्रूण तयार करून गोठवून ठेवता येतील. विचार करा, पण उद्यापर्यंत करा.

अकरा पानं

विचार कसला करणार. मला तेव्हा घाटकोपर स्टेशनचा जिना चढावा की सरकत्या जिन्याने जावं हेही ठरवता येत नव्हतं. अमोल म्हणाला, करून टाकूया, नंतर बघू. आमच्या घरातले सगळे मोठे निर्णय असेच झाले आहेत.

रोज पोटावर सुई. मग एका सकाळी भूल देऊन अंडी काढली, प्रयोगशाळेत त्यांचे भ्रूण केले आणि पाच दिवस वाढवून चार चांगले निघाले ते गोठवले. त्याआधी एक फॉर्म भरायचा होता, अकरा पानांचा. शेवटून दुसऱ्या पानावर प्रश्न होता की उपचारांनंतर भ्रूण शिल्लक राहिले तर काय करायचं. खाली तीन चौकोन. ठेवून द्या, नष्ट होऊ द्या, संशोधनासाठी द्या. अमोलने विचारलं, इथे काय करू? मी म्हणाले, कर काहीपण, मला मळमळतंय. त्याने संशोधनावर खूण केली. का केली असं नंतर विचारलं तर म्हणाला, चांगलं वाटलं ऐकायला.

इथे माझ्या नोकरीचं सांगायला हवं. अंधेरीच्या एमआयडीसीत गोळ्यांच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. प्रत्येक बॅचमधल्या काही गोळ्या आम्ही कंट्रोल सॅम्पल म्हणून बाजूला काढून ठेवतो. मुदत संपली, वर आणखी एक वर्ष गेलं, की दोघांच्या सह्या घेऊन त्या नष्ट करतात. त्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते. डोकेदुखीच्या गोळ्यांचा डबा नष्ट करायचा तरी मी बॅच नंबर तीनदा वाचते, आणि वाचल्याशिवाय सही मागणाऱ्याला झाडते. तीच मी, त्या अकरा पानांवर न वाचता अकरा सह्या करून मोकळी झाले.

घरी येताना मी अमोलला म्हणाले, आपले कंट्रोल सॅम्पल ठेवून आलो. तो हसला नाही.

लाल औषध

दर पंधरा दिवसांनी डे केअर वॉर्डात जायचं. रक्त तपासायचं, पेशी पुरेशा असतील तर खुर्ची मिळायची, नसतील तर घरी. मी घाबरायचे ते सुईला नाही, लाल औषधाला. चार औषधं असायची, त्यात एक लालभडक. सिस्टर ते स्वतः हळूहळू शिरेत सोडायची, आणि ती मोठी सिरिंज घेऊन येताना दिसली की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं, उलटीआधी सुटतं तसं. अजूनही रस्त्यावर कुणी कोकम सरबत पीत असेल तर मी दुसरीकडे बघते.

शेजारच्या खुर्चीत जोगेश्वरीच्या राणेबाई असायच्या, मूळच्या मालवणच्या. मला दुसऱ्यांदा तोंड आलं तेव्हा त्यांनी मला थर्मासमधला बर्फ दिला. "ता लाल चालू असताना बर्फ चघळ गो, मग तोंड येवचा नाय," म्हणाल्या. ते मला कुठल्याच डॉक्टरने सांगितलं नव्हतं. नंतर सिस्टरला विचारलं तर म्हणाली, हो, बऱ्याच जणी करतात. पुढच्या सगळ्या वेळी राणेबाईंनी दोघींपुरता बर्फ आणला.

घरात मात्र वाट लागली होती. आई आमच्याकडे येऊन राहिली होती. ती आणि अमोल माझ्या जेवणावरून भांडायचे, म्हणजे आई भांडायची आणि अमोल दार ओढून गॅलरीत जायचा. मला कुणी विचारायचं नाही. एकदा मी पेजेचं ताट भिंतीवर फेकलं. आईने पुसून काढलं आणि दुसरं ताट वाढलं. मला त्याचाच जास्त राग आला.

या सगळ्यात मी मनाशी एकच गोष्ट घोकायचे की चार आहेत. कशासाठी घोकत होते ते मलाच ठाऊक नव्हतं. मूल हवं की नको हेही तेव्हा नक्की नव्हतं. पण अंगातलं सगळं मारलं जात असताना माझं काहीतरी बाहेर, या औषधाच्या तावडीतून सुटून सुखरूप आहे, या कल्पनेने बरं वाटायचं. म्हणजे तेव्हा मी त्यांना जिवंत धरत होते. हे लक्षात ठेवा, कारण नंतर मीच उलटं बोलायला लागले.

सम्यका

उपचार संपून तीन वर्षं नीट गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता हरकत नाही. क्लिनिकच्या लॅबमधल्या मॅडमनी, ज्यांनी ते चार भ्रूण वाढवले होते त्यांनीच, पडद्यावर एक गोल दाखवला. दळलेल्या रव्यातला एक कण मोठा करून दाखवावा तसा. मी विचारलं, हाच का घेतला? त्या म्हणाल्या, "दोन अगदी सारखे चांगले होते. त्यातला एक घेतला."

त्या एकाची सम्यका झाली. आठव्या महिन्यात मला आडवं झोपता येईना, दम लागायला लागला, पाय सुजले. टू-डी एको केला तर हृदयाचं पंपिंग खाली आलेलं. लाल औषधाने हृदयाला आतून धक्का दिला होता आणि पोटातल्या ओझ्याने तो उघडा पडला. सिझेरियन झालं, मुलगी ठणठणीत, मी दहा दिवस आयसीयूत. गोळ्यांनी हृदय बरंच सावरलं, पण हार्टच्या डॉक्टरांनी बजावलं की दुसऱ्याचा विचार मनात आणायचा नाही.

दुसरीच्या पोटी वाढवणं, म्हणजे सरोगसी, आमच्या बाबतीत कायद्यात बसत नव्हतं, कारण आम्हाला एक धडधाकट मूल होतं. दुसऱ्या जोडप्याला देता येतात का विचारलं, तर क्लिनिक म्हणालं, आमच्याकडे ते होत नाही. म्हणजे तीन राहिले, आणि त्यांना यायला जागा उरली नाही.

सम्यकाला आंघोळ घालताना मला मध्येच मॅडमचं ते वाक्य आठवायचं, दोन सारखे होते. त्यांचा हात जरा पलीकडे गेला असता तर ही तिथे गोठवायच्या टाकीत असती आणि मी दुसऱ्याच कुणाचे तरी कान पुसत असते, आणि तेही मला इतकंच आवडलं असतं. हा विचार आला की माझा तांब्या हातातच राहायचा. सम्यका ओरडायची, मम्मी, पाणी.

तिथे काय होतं

गेल्या वर्षी क्लिनिकमधून फोन आला. तुम्ही संशोधनावर खूण केली होती, पण ती संमती जुनी आहे, आता नव्याने विचार करून द्यावी लागेल. संशोधन करणाऱ्या संस्थेच्या मॅडम भेटतील, सगळं विचारून घ्या, मग ठरवा. कुठल्याच गोष्टीची जबरदस्ती नाही.

अमोल आणि मी मेट्रोने गेलो. त्या मॅडम माझ्यापेक्षा लहान असाव्यात, जाड चष्मा, पायात साधी चप्पल. मला वाटलं होतं, गोड बोलून सही घेतील. पण त्यांनी पहिलंच वाक्य असं सांगितलं की ज्या दिवशी आम्ही आतल्या पेशी काढून घेऊ, त्या दिवशी तो भ्रूण संपतो, तेव्हा आधी हे नीट ऐका. अमोलने माझ्याकडे बघितलं.

मग त्यांनी त्या पेशींचं काय करतात ते सांगितलं. त्या पेशी अजून कुठल्याच अवयवाच्या झालेल्या नसतात, म्हणून त्यांना कुठल्याही अवयवाकडे वळवता येतं. यांचं काम हृदयाचं होतं. त्या पेशींपासून हृदयाच्या पेशी करायच्या आणि त्यांच्यावर कॅन्सरची औषधं घालून बघायची, कुठलं औषध कशी इजा करतं, आणि ती कशी टाळता येईल. मी विचारलं, लाल औषध पण? म्हणाल्या, सगळ्यात जास्त तेच.

मग त्यांनी जे सांगितलं त्याने मी हलले. काही दिवसांनी त्या पेशी ताटलीत आपोआप धडधडायला लागतात. कुणी सांगायला लागत नाही.

"कुणाचं हृदय ते?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "हृदय नाही, हृदयाच्या पेशी. मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मीही तेच विचारलं होतं. त्याचं उत्तर पाठ्यपुस्तकात नाही."

मी घरून अभ्यास करून गेले होते. म्हटलं, चौदा दिवसांच्या पुढे वाढवायचं नाही असा नियम आहे ना? आहे, म्हणाल्या, आणि आम्ही तिथवर जातच नाही. पण तो नियम भ्रूणाला आहे, त्यातून काढलेल्या पेशींना नाही. पेशी नीट सांभाळल्या तर वर्षानुवर्षं वाढत राहतात. आणि माघार घ्यायची असेल तर पेशी काढायच्या आधी घ्या, त्यानंतर घेता येत नाही.

म्हणजे बघा. नष्ट होऊ द्या म्हटलं तर ते तिथल्या तिथे संपणार, कुणाच्या उपयोगी न पडता. दिले तर आम्ही स्वतः तारीख ठरवून संपवणार, पण त्यांच्यातलं काहीतरी माझ्यानंतरही धडधडत राहणार. यातलं दयाळू कुठलं आणि क्रूर कुठलं, मला काही केल्या कळेना. ठेवून दिलं तर कायद्याने दहा वर्षं ठेवता येतात, आणि दहाव्या वर्षी हाच प्रश्न पुन्हा, फक्त मी म्हातारी.

परतीच्या मेट्रोत अमोल म्हणाला, मला वाटतं देऊया. दोन स्टेशनं गेल्यावर म्हणाला, किंवा नको.

सत्कार

माझी चूक एकच झाली. मी आईला फोनवर सांगितलं.

आमच्या घरात देहदान झालेलं आहे. पप्पांनी जिवंतपणी स्वतः फॉर्म भरला होता. ते गेले तेव्हा आईने मेडिकल कॉलेजला कळवलं, गाडी आली आणि त्यांना घेऊन गेली. आमच्या वस्तीत ते पहिलं देहदान. त्याचं प्रशस्तिपत्र बाहेरच्या खोलीत लावलंय, आणि आई पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी ते दाखवते. आमचा समाज कर्मकांड सोडून विज्ञानाकडे आला, याचा तिला फार अभिमान आहे. तो मलाही आहे. म्हणून संशोधनासाठी विचारतायत एवढं ऐकल्यावर तिच्या लेखी प्रश्नच मिटला. मी बोलत होते ठरवायचंय, तिने ऐकलं ठरलंय.

तिने महिला मंडळात सांगितलं. महिला मंडळाने विहाराच्या सचिवकाकांना सांगितलं. रविवारी मी वंदनेला मानखुर्दच्या विहारात गेले तर दारातल्या फळ्यावर रंगीत खडूने लिहिलेलं, भ्रूणदानाचा ऐतिहासिक निर्णय घेतल्याबद्दल आपल्या भगिनीचा जाहीर सत्कार. खाली माझं नाव, माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही आडनावांसकट. अमोल म्हणाला, चल परत जाऊ. पण आईने पांढरी साडी नेसली होती आणि पहिल्या रांगेत बसून ती मागे वळून वळून माझ्याकडे बघत होती.

वंदना सुरू झाली. पंचशील मी लहानपणापासून म्हणतेय, झोपेतही म्हणेन. त्या दिवशी पहिल्याच शीलाला माझा आवाज बंद झाला. प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचं शील. टाकीतले तीन प्राणी आहेत का? असतील तर माझा सत्कार कसला? नसतील तर केमोच्या खुर्चीत बसून मी रोज कुणाला मोजत होते? बाकीची चार शीलं शेजारच्या बाईंनी म्हटली, मी नुसते ओठ हलवले.

मग सचिवकाका बोलले. पित्याचे देहदान, कन्येचे भ्रूणदान, वगैरे. टाळ्या झाल्या. शाल उघडली आणि मला बोलायला सांगितलं. मी उभी राहिले. पाठ केलेलं काही नव्हतं, म्हणून खरं तेच आलं.

"मी अजून ठरवलेलं नाही," मी म्हणाले. "पप्पांनी स्वतःचं शरीर दिलं, स्वतः सही करून. हे माझं शरीर नाही. मग कुणाचं आहे, ते मला माहीत नाही. माहीत नसताना सत्कार नको."

सचिवकाका उघडलेली शाल धरून उभे. शेवटी त्यांनी ती परखड विचारांबद्दल म्हणून मलाच घातली. टाळ्या वाजल्या, पण आईच्या नाही.

निघताना मी विहारातल्या भन्तेजींना गाठलं. म्हटलं, शीलाचं काय? ते म्हणाले की यात आमच्यातही एकमत नाही. कुणी पहिल्या क्षणापासून जीव मानतात, कुणी कृतीमागचा हेतू आधी बघतात. मग त्यांनीच मला विचारलं, तुझा हेतू काय? मी म्हणाले, खरं सांगू का, मला हे डोक्यातून जायला हवंय.

"मग आत्ता सही करू नकोस," ते म्हणाले.

आईने सांगितलेलं

आम्ही आईच्या घरी आलो. मला वाटलं आता चांगलीच झाडणार. तिने चहा टाकला, कप पुढे सरकवला आणि प्रशस्तिपत्राकडे पाठ करून बसली.

"तुझ्या पप्पांच्या वेळी मला द्यायचं नव्हतं," ती म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. तिने परत सांगितलं. पप्पांचा फॉर्म होता हे खरं, पण नातेवाइकाची सही लागते आणि ती तिची होती. गाडी खाली उभी होती. मंडळाचे लोक आले होते, कुणी फोटो काढत होतं, सगळे म्हणत होते, ताई, तुम्ही समाजाला वाट दाखवली. तिला फक्त दार लावून त्यांच्याजवळ थोडा वेळ बसायचं होतं. पण लाज वाटली, की लोक म्हणतील, एवढ्या विचारांच्या घरातली बाई आणि रडत बसली. तिने सही केली. नंतर अस्थी नाहीत, काही नाही. एवढी वर्षं झाली, तिला त्यांच्या हाताचा शेवटचा स्पर्श आठवत नाही, कारण तो झालाच नव्हता.

"त्यांनी दिलं ते बरोबरच होतं," आई म्हणाली. "माझी सही बरोबर नव्हती. मी लोकांना लाजून केली. तू तशी करू नकोस. नाही द्यायचं तर नको देऊ, मी बघते मंडळाचं."

मी इतकी वर्षं तिच्यावर चिडत आले होते, ती मला विचारत नाही म्हणून. तिला कुणी विचारलं होतं का, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी खूप रडले. ती रडली नाही, कप विसळायला उठली.

एक खोटं

त्यानंतर पाच-सहा महिने मी काहीच केलं नाही. क्लिनिकलाही तसं कळवलं. ते म्हणाले, चालेल. तुम्हाला कुणी घाई करत असेल तर सांगते, थांबता येतं. हे मला आधी ठाऊक नव्हतं.

मग माझा वर्षाचा एको होता. बाहेर बाकावर एक मुलगी बसली होती, कॉलेजातली, मानेला बायोप्सीची पट्टी. तिची केमो पुढच्या आठवड्यात सुरू होणार होती. माझी फाइल बघून तिने ओळखलं की मलाही तोच आजार झाला होता. तिने विचारलं, "ताई, त्या लाल औषधाने हृदयाला काही होतं का?"

मी म्हणाले, "नाही गं, काही होत नाही."

आणि त्याच वेळी आतून माझं नाव पुकारलं, एको काढायला. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं असणार. मी आत टेबलावर डाव्या कुशीवर झोपले, पडद्यावर माझं हृदय उघडझाप करत होतं, आणि मला स्वतःची एवढी लाज वाटली की सांगता येत नाही. मला तिला खरं सांगता आलं नाही, कारण खरं सांगून पुढे देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. नंतर वाटलं, अंधेरीत आहे. थोडं का होईना, आहे.

याला हेतू म्हणतात का? भन्तेजींना मी परत विचारायला गेले नाही. ते जीव होते की नव्हते, याचं उत्तर मला अजूनही माहीत नाही. सकाळी एक वाटतं, संध्याकाळी दुसरं. अमोल म्हणाला, "माझं पण तसंच आहे. पण आता मला तिकडे जाताना परत फिरावंसं वाटत नाहीये." आमच्यात यापेक्षा स्पष्ट बोलणं कधी झालेलं नाही.

सहीच्या दिवशी

आई म्हणाली, मी येणार. सम्यकाला शेजारी ठेवलं आणि तिघं गेलो. आईने विहारात जाताना नेसते ती पांढरी साडी नेसली होती.

संशोधनासाठी देण्याचा फॉर्म समोर आला. या वेळी मी प्रत्येक पान वाचलं. पेन उघडलं तेवढ्यात आई लॅबच्या मॅडमना म्हणाली, "बाई, ते ठेवलेत कुठे? मला एकदा बघायचंय."

मॅडम म्हणाल्या, बघण्यासारखं काही नाही हो आजी, टाकी आहे नुसती, आणि आत सहसा कुणाला नेत नाही. आई म्हणाली, टाकी तर टाकी. मॅडमनी तिच्याकडे बघितलं, मग आम्हाला तिघांना चपला काढायला लावून पायात निळे पायमोजे चढवायला दिले आणि आत नेलं. लहानशी पांढरी खोली. कमरेपर्यंत येणाऱ्या चार-पाच स्टीलच्या टाक्या, दुधाच्या मोठ्या कॅनसारख्या. मॅडमनी एका टाकीकडे बोट दाखवलं.

"हात लावला तर चालेल?" आईने विचारलं.

"बाहेरून चालेल."

मला वाटलं चटका बसेल, आत इतकं भयंकर थंड असतं. मी तिला अडवणार होते. पण आईने तळवा पूर्ण टेकवला.

"गार नाही लागत गं," ती माझ्याकडे वळून म्हणाली.

मॅडम म्हणाल्या, थंडी सगळी आत असते, बाहेर येऊ देत नाहीत. आईने मान हलवली. ती हात ठेवून उभी राहिली. तिचा अंगठा हळूहळू टाकीवर फिरत होता, लहान मुलाला थोपटण्याआधी फिरतो तसा. मग ती म्हणाली, "ह्यांच्या वेळी मला एवढं मागायचं सुचलं नाही."

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं नाही, आणि आम्हीही तिला चल म्हणालो नाही. अमोलने तिच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. मग मी ठेवला.

सही मी त्यानंतर केली.